दादाला थंडी वाजत होती

दादा आणि मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात यंत्रमाग चालवायचो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. धुळ्याकडून सुरतेला मला त्यानेच आणलं, मागावर उभं राहायलाही त्यानेच शिकवलं. कारखान्यात पंखे नव्हते, खिडक्याही बंदच. वाऱ्याने धागे तुटतात म्हणून. उन्हाळ्यात आत शिरलं की तोंडावर वाफ यायची, आणि तिच्यात बारा तास काढायचे.

त्या मे महिन्यात दादा पाणी फार कमी प्यायचा. माठ पार दुसऱ्या टोकाला होता. जाऊन येईपर्यंत धागा तुटला तर कापड खराब व्हायचं. मी टोकलं की म्हणायचा, जेवताना पितो ना.

एका दुपारी तो मागाजवळ खालीच बसला. मी धावलो. डोळे तांबारलेले, अंग तव्यासारखं तापलेलं, पण कोरडं ठाक. सकाळी त्याची गंजी घामाने चिंब होती. घाम थांबला, बरं झालं, असंच मला वाटलं. मुकादमाला सांगून मी त्याला खोलीवर नेलं. खोली जवळच होती, वर पत्रे.

"माले हिव वाजी ऱ्हायनं," तो म्हणाला.

थंडी वाजते आणि अंग तापलंय म्हणजे हिवताप, असं मी धरून चाललो. तापाची गोळी दिली. दार लावलं, पंखा बंद केला, गोधडी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. तो बरळू लागला, गावी असलेल्या वहिनीला हाका मारू लागला. मी कपाळावर हात ठेवून बसून राहिलो. अर्धा तास असेल. तो अर्धा तास मला अजून सोडत नाही.

शेजारच्या खोलीतली बाई अकोल्याकडची. आवाज ऐकून ती आत आली, दादाला हात लावून पाहिला.

"भाऊ, याइले ऊन लागलं. गोधडी काहाले टाकली?"

उत्तराची वाट न बघता तिने गोधडी भिरकावली, पिंपातलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, मानेला आणि काखेत ओली फडकी कोंबली. मी तांब्या त्याच्या ओठांना लावायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"तो शुद्धीत नाही. पाणी छातीत जाईन. वारा घाला."

तसंच भिजलेल्या अंगाने आम्ही त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं. पांघरूण घातलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

दादा वाचला. पण तोल गेला तो गेलाच. भिंत धरून चालतो, एकेक शब्द अडखळत काढतो. वहिनी येऊन त्याला गावी घेऊन गेली. निघताना तिने विचारलं, मी जवळच होतो ना. मी नुसती मान हलवली.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. भर उन्हाळ्यात कुणाचं अंग कोरडं दिसलं, बोलणं तुटक वाटलं, की त्याला ओढत बाहेर सावलीत नेतो आणि भिजवतो. मुकादम ओरडतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा वहिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला उठली. दादा अंगणात बसून आमच्याकडे बघत होता. त्याने किती ऐकलं, मला माहीत नाही.