सहीवर लागलेलं कुंकू

पाकिटाच्या डिंकाचा वास आला की मला केजच्या घरातली ती दुपार आठवते. जुन्या नटनट्यांची सहीची पत्रं जमवायचा मला नाद, आणि बायकोच्या मते त्या रद्दीवर भंगारवाल्याचं तरी पोट भरेल. त्या दुपारी रंगभूमी गाजवलेल्या एका वयोवृद्ध अभिनेत्रीचं पत्र आलं. खाली निळ्या शाईची झोकदार सही. कौतुक ऐकायला मी शेजाऱ्यांना बोलावून आणेपर्यंत आईनं पत्र देवापुढं ठेवून ओलं हळदीकुंकू नेमकं सहीवर लावलेलं. शाई पार पसरली. "आई, कावून लावलंस?" मी रडायच्या बेतात. "नवी चीज घरात आली की लावावंच लागतंय. फटफटीला लावलं तवा न्हाई रडलास!" दुसरी सही मागायची तर कारण सांगणं भाग होतं, म्हणून लाजतलाजत सगळं खरं लिहिलं आणि खाली फोन नंबर दिला. काही दिवसांनी फोन आला. तो खणखणीत आवाज ऐकून मी खुर्चीतून उभाच राहिलो. "तुम्ही नको, आईंना द्या," बाई म्हणाल्या. आईला कमी ऐकू येतं, म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. "टाळ्या खूप मिळाल्या हो, पण माझ्या नावाला कुंकू कुणी लावलं नव्हतं." आई म्हणाली, "मग एकदा घरीच ये की बाई, ओटी भरते." आज माझ्याकडे ठळक, सुवाच्य सह्या पुष्कळ आहेत, पण पाहुण्यांना मी आधी तेच डागाळलेलं पत्र दाखवतो, आणि "सही कुणाची, वाचताच येईना" असं कुणी म्हणालं की माझी छाती उगीचच फुगते.