नवनगरला न थांबणारी बस

रोज त्याच बसमध्ये त्याच माणसांबरोबर तास-दीड तास काढला की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठत जातात. मी धारवाडला मळमड्डीत राहते आणि हुबळीच्या शाळेत गणित शिकवते. सकाळी नऊच्या एसी बसमध्ये आमचं तिघांचं टोळकं असतं. हुबळीतच कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान असलेले पोतदार अण्णा, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करणारा रघू, आणि मी. दोघंही मला अक्का म्हणतात. अण्णा माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे आहेत, तरी म्हणतात!

*

अण्णांचं अर्धं आयुष्य जुन्या लाल बसमध्ये गेलं. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा त्यांचा कायदा. मग स्वतंत्र रस्ता आणि मेट्रोसारखी गेटवाली स्टेशनं असलेली ही एसी बस सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सवयीनं रुमाल भिरकावला. पण हिची खिडकी उघडतच नाही की! रुमाल काचेवर आपटून खाली पडला.

अण्णा हार मानणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात रुमाल दिला आणि खिडकीजवळच्या सीटवर टाकायला सांगितला. त्या भल्या माणसानं तो टाकला आणि वर स्वतः बसला. अण्णा चढल्यावर त्यांना म्हणतो कसा, "काळजी करू नका, तुमच्या रुमालाला जागा मिळाली."

*

माझीही फजिती सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच सांगते. बसमध्ये एक रेकॉर्ड केलेली बाई पुढचं स्टेशन कुठलं ते सांगत असते. एक दिवस ती एक स्टेशन पुढं धावत होती. मी तीस वर्षं या रस्त्यानं जातेय, बाहेरचं झाड न् झाड ओळखीचं. पण बाईनं माझ्या शाळेचं स्टेशन पुकारलं आणि मी मुकाट्यानं उतरले!

बोर्ड वाचला तर नाव भलतंच. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मेल्यांनी बोर्ड चुकीचा लावलाय! मागं वळून बघते तर माझ्या पाठोपाठ आणखी सात-आठ जण उतरलेले. त्यांना विचारलं, तुम्ही का उतरलात? तर म्हणाले, टीचर उतरल्या म्हणजे बरोबरच असणार.

*

आता रघू. वय सदतीस, आई नाही, सात ठिकाणांहून नकार. पोरगा सोन्यासारखा, पण मुलीसमोर बसला की तोंडातून शब्द फुटत नाही. सातव्या नकारानंतर तो आठवडाभर आम्हाला सोडून मागच्या सीटवर जाऊन बसायचा. मला फार वाईट वाटलं. याचं लग्न जमवायचंच, असं मी आणि अण्णांनी ठरवलं.

अण्णांनी बायोडेटाच्या झेरॉक्स काढून खिशात ठेवायला सुरुवात केली. एकदा गडबडीत त्यांनी स्टेशनच्या गेटवर तिकिटाऐवजी बायोडेटाच मशीनसमोर धरला. गेट उघडेना, आणि अण्णा मशीनशी भांडायला लागले. सिक्युरिटीवाला आला. त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि गंभीरपणे म्हणाला, "अण्णा, यात मुलाची उंची लिहिलेली नाही. असं कसं चालेल?"

उंची लिहिली. आणि खोटं वाटेल, पण त्याच सिक्युरिटीवाल्याच्या ओळखीतून नवनगरचं आठवं स्थळ आलं.

*

रविवारी अकराला बोलावलं होतं. मुलगी सुमन, बँकेत नोकरीला. वडिलांना लांबचं धड दिसत नाही, म्हणून आम्हाला न्यायला तीच त्यांच्याबरोबर स्टेशनवर येणार होती.

आम्ही तिघं नटूनथटून निघालो. समोर बस आली, रोजच्या सवयीनं चढलो. अण्णा खिडकी मिळाल्याच्या आनंदात, रघू घामाघूम. नवनगर दिसायला लागलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची रोजची बस एक्सप्रेस. ती नवनगरला थांबतच नाही, थेट हुबळी! इतक्या वर्षांत आम्ही कुणी तिथं उतरलोच नव्हतो.

प्लॅटफॉर्मवर बापलेक उभे होते. वडिलांनी हात वर केला. रघूनं उठून हात जोडले. बस पुढं जात होती तसा तो सीटांना धडकत मागं मागं गेला, थेट शेवटच्या काचेपर्यंत, हात जोडलेलेच.

हुबळीत उतरलो आणि घाईघाईत दिसली ती परतीची बस पकडली. तीही एक्सप्रेस! स्टेशन रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे आम्ही परतणार हे ओळखून बापलेक आता प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूला वळून उभे होते. रघू पुन्हा हात जोडून शेवटच्या काचेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मी फोन करून माफी मागितली. वडील "असू द्या" म्हणाले, पण आवाज ताठ होता. धारवाड आलं तेव्हा रघू एवढंच म्हणाला, "अक्का, आठवंही गेलं."

तिसऱ्या वेळी ड्रायव्हरला दोनदा विचारून चढलो. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. पोहे गार झाले होते. रघू मान खाली घालून बसला. वडील म्हणाले, दोनदा दारावरून पुढं गेलेल्या माणसांना आता काय विचारायचं?

तेवढ्यात सुमन म्हणाली, "बाबा, आजवर पाच जण इथं बसून पोहे खाऊन गेले. जाताना एकानंही मागं वळून बघितलं नाही. हे दोनदा पुढं गेले, पण दोन्ही वेळा मी दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे तोंड करून उभे होते."

रघूनं मान वर केली. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

पोतदार अण्णा उठले. खिशातून रुमाल काढला, झटकला आणि त्या खुर्चीवर टाकला.