जाताना चार तास, येताना एक

श्रावण इंगळे बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. अमरावती-अकोला रस्त्यावरचा थांबान् थांबा तोंडपाठ. रिटायर झाले तरी अमरावतीत विहारासमोरच्या बाकावर त्यांचाच दरबार. कोणाची वरात निघो की कोणाला बाळापूरला बाजारासाठी जायचं असो, माणूस आधी त्यांना विचारणार, ‘‘श्रावणभाऊ, किती टाइम लागते?’’ अन् भाऊ घड्याळाकडे न पाहता सांगणार. तीच त्यांची इस्टेट म्हणा ना!

अन् मग शेजारचे उत्तमराव बँकॉकला जाऊन आले. तिथली बुद्धविहारं पाहायला चाळीस जणांचा जथा गेला होता, त्यात हे. झालं! सगळा बाक उत्तमरावांकडे वळला. विमानात जेवण काय देतात, ढग वरून कसे दिसतात! आठ दिवस श्रावणभाऊंना कोणी मूर्तिजापूरसुद्धा विचारेना.

‘‘जेवत काहून नाही?’’ बायको केशरबाई म्हणाली. ‘‘त्याच्या विमानानं पोट दुखून रायलं का?’’

‘‘मले काय करा लागते त्याच्या विमानाशी!’’ भाऊ भाकर तशीच टाकून बाकाकडे निघाले.

तिथे उत्तमराव रंगात आलेले. ‘‘जातानी कलकत्त्याहून दोनले उडालो, सहाले बँकॉक. येतानी एकले बसलो, त दोनले कलकत्ता!’’

भाऊंनी कान टवकारले. ‘‘जातानी चार घंटे अन् येतानी एकच?’’

‘‘तिकिटावर तसंच आहे भाऊ. हे पाहा.’’

‘‘सोळाशे किलोमीटर एका घंट्यात? मले अकोल्याले दोन घंटे लागत. येतानी उतार होता का रे?’’

बाक खदखदून हसला. कोणीतरी म्हणालं, ‘‘उत्तमराव, बँकॉकले गेल्ते का बडनेऱ्याले?’’ उत्तमराव तिकिटाची घडी करून उठले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही. बाकावर पुन्हा कौंडण्यपूरच्या गाडीची चौकशी सुरू झाली. भाऊंना दोन भाकरी जास्त जाऊ लागल्या.

कॉलेजात शिकणाऱ्या नातीला, दीपमालाला, त्यांनी हा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. ती हसलीच नाही.

‘‘आबा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं असते. जातानी अडीच, येतानीही अडीचच. उत्तमआबा खोटं नव्हते बोलले.’’

बत्तीस वर्षांत भाऊंच्या गाडीनं घड्याळ कधी बदललं नव्हतं! हे दुसऱ्या कोणी बाकावर सांगितलं तर बत्तीस वर्षांची अब्रू गेलीच. अन् तो उत्तम बिचारा, खरं बोलून घरात तोंड लपवून बसलेला.

सकाळीच त्यांनी उत्तमरावांना दंड धरून बाकावर आणलं.

‘‘ऐका रे. उत्तम खरा होता, मीच चुकलो. पण चुकलो काहून? घड्याळं दोन होते!’’ अन् मग दीड तासाचं गणित त्यांनी असं सांगितलं, की बँकॉकचं घड्याळ जणू यांनीच लावून दिलं होतं.

उत्तमरावांना तर हायसंच झालं. ‘‘माहं काय, मी नुसता बसून गेलो. टायमाचं भाऊलेच समजते!’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. दरबार परत मिळाला.

पण ते ‘नुसता बसून गेलो’ भाऊंच्या छातीत काट्यासारखं रुतलं. यांची बत्तीस वर्षं गाडीत उभ्यानं तिकिटं फाडण्यात गेली होती. घरी जाता जाता त्यांनी हळूच विचारलं,

‘‘उत्तम, खिडकीची जागा भेटली होती का?’’

‘‘हो ना भाऊ.’’

‘‘येतानी?’’

‘‘येतानीही.’’

भाऊंनी चाल हळू केली. ‘‘मग सांग ना, ढग वरून कसे दिसतात?’’