मुकी फाइल

"चित्र दिसतंय, पण आवाज नाय येत," धोडी सर फोनवर म्हणाले.

मी वाणगावला एका हळदीच्या शूटिंगला होतो. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात फोन, समोर डीजे.

"स्पीकर चालू आहे का बघा," मी ओरडलो.

"चालू हाय. बाकीची गाणी वाजतात. तुमचीच तेवढी मुकी हाय. शाळेच्या कॉम्प्युटरवर लावली, सुनंदाच्या मोबाइलवर लावली. दोन्हीकडं तेच."

"मशिनं जुनी असतील, सर. सीझन संपला की बघतो," असं म्हणून मी फोन ठेवला. फाइलमध्ये काही चूक असेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही. डहाणू स्टेशनजवळ वीसेक वर्षं स्टुडिओ चालवतोय. आवाज येत नाही म्हणणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांनी आवाज स्वतःच बंद केलेला असतो.

धोडी सर तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. आदल्या वर्षी त्यांच्या पुतण्याचं लग्न मी शूट केलं होतं. वारली लग्न. तिथं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून एकेक विधी पुढं नेणारी बाई. ती गाणं उचलते, मागे बसलेल्या बायका ते झेलतात. तिनं पुढचं गाणं उचललं नाही तर पुढचा विधी होत नाही. त्या लग्नात धवलेरी होत्या सरांच्या चुलती, लाडकीबाय. त्यांचा एक कडक नियम होता. मांडवाबाहेर ती गाणी तोंडातून काढायची नाहीत. शिकायचं असेल तर लग्नात मागे बसून शिका. त्यांची सून सुनंदा चार वर्षं तशीच मागे बसत होती.

दिवाळीनंतर लाडकीबायना पक्षाघात झाला. जीव वाचला, वाचा गेली.

उन्हाळ्यात पाड्यावर एक लग्न ठरलं, आणि सगळ्यांनी सुनंदाकडं बोट दाखवलं. तिला गाणी येत होती, पण मागून झेलणाऱ्याला येतात तशी. कुठलं गाणं कशानंतर, आणि त्याचा पहिला शब्द कसा उचलायचा, हे फक्त लाडकीबायना ठाऊक होतं. आणि माझ्या हार्ड डिस्कला. सरांनी लाडकीबायना विचारलं, व्हिडिओ बघून सून शिकली तर चालेल का? रेकॉर्डिंग लग्नातलंच होतं, म्हणून त्यांनी मान हलवली. मग सर माझ्याकडं आले, सगळं सांगितलं आणि तीन तासांचं अख्खं शूटिंग मागितलं.

मला हे सगळं माहीत होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण माहीत नव्हतं म्हणून सुटायची सोय मला नाही.

आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, एवढ्या मोठ्या बाईचा आवाज आहे, काहीतरी खास करू. म्हणून तो आवाज मी थिएटरसारखा चारी बाजूंनी ऐकू यावा असा केला. आमच्या भाषेत सराउंड. लग्नाच्या पार्ट्यांना हे फार आवडतं.

व्हिडिओची फाइल म्हणजे जेवणाचा डबा समजा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. जागा वाचावी म्हणून दोन्ही दाबून बसवलेले असतात, आणि दाबायच्या पद्धती अनेक. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. बघणाऱ्याच्या मशीनला ती पद्धत ठाऊक असेल तरच तो कप्पा उघडतो. शाळेत लिनक्सची जुनी सिस्टिम होती, सुनंदाकडं साधा अँड्रॉइड फोन. चित्राची पद्धत दोघांना ठाऊक होती. माझ्या सराउंडची एकालाही नव्हती. साधा स्टिरिओ आवाज ठेवला असता तर कुठंही वाजला असता.

फोननंतर दोन दिवसांनी सर स्वतः पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले. भर उन्हात, जीप बदलत. मी तो माझ्या एडिटिंगच्या मशीनला लावला. लाडकीबायचा आवाज दुकानभर घुमला. सर खुर्चीच्या कडेला बसून ऐकत राहिले.

"बघा सर. फाइल ओके आहे."

"इथं वाजते. घरी नाय वाजत."

"नवीन प्लेअर टाका. फुकट मिळतो."

"शाळेच्या कॉम्प्युटरला पासवर्ड हाय. तो ठाऊक असलेला माणूस महिन्यातून एकदा येतो. लग्न बुधवारी हाय."

"मोबाइलवर टाका मग."

"पाड्यावर नेट कुठं पकडतं, दादा?"

मी खांदे उडवले. काउंटरवर दुसरी पार्टी अल्बम बघत ताटकळली होती. सर "बरं" म्हणाले, पेनड्राइव्ह खिशात घातला आणि गेले. नुसता आवाज वेगळा काढून त्यांच्या मोबाइलमध्ये भरून देणं दोन मिनिटांचं काम होतं. अगदीच काही नाही तर स्पीकरसमोर त्यांचा मोबाइल धरून रेकॉर्ड केलं असतं तरी भागलं असतं. सरांना ते सुचलं नाही. त्यांचा तो धंदा नाही. माझा आहे.

सीझन संपला. एक दिवस दुकानात बसलो असताना ती फाइल मी सहज बायकोच्या मोबाइलवर लावली. लाडकीबायचे ओठ हलत होते, आणि आवाजाचा पत्ता नव्हता. फाइल स्टिरिओत बदलली. चित्राला हात लावावा लागला नाही, त्यामुळे सहाच मिनिटं लागली. तसाच बाइकला किक मारून तलासरीच्या रस्त्याला लागलो.

सुनंदा अंगणात मिरच्या निवडत होती. ओटीवर लाडकीबाय बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर पडलेला.

"फाइल बरोबर करून आणलीय," मी म्हणालो. "लग्न कसं झालं?"

तिनं हातातलं काम थांबवलं नाही. "मी रोज लावायची ती. आवाज नव्हता, तर आईच्या ओठांकडं बघायची. ओठांवरून चार गाणी जुळवली. आई पण बाजूला बसून बघायची. तिला सांगायचं असायचं, पण तोंडातून काय येतच नव्हतं."

"मग?"

"पाचवं उचलता नाय आलं. मी गप बसले. मागच्या बायका वाट बघत बसल्या, नवरानवरी बसली. मग बाइक पाठवून पलीकडच्या गावची धवलेरी आणली."

काहीतरी करायचं म्हणून मी फोनवर फाइल लावली. आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत. लाडकीबायनी मान वर केली. पहिलं गाणं संपलं, दुसऱ्याआधी थोडी शांतता होती, आणि तेवढ्यात त्यांचं तोंड उघडलं. पुढचा शब्द फोनमधून आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बंद करा, दादा," सुनंदा म्हणाली. "आता गावानं तीच बाई धरलीय. मला कोण बोलवणार?"

नव्या फाइलचा पेनड्राइव्ह ठेवून जाऊ का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ठेवा. परत जाताना मला तिच्याकडं बघवलं नाही.

आता मी दुकानात एक जुना लॅपटॉप आणि एक साधा मोबाइल ठेवलाय. प्रत्येक फाइल आधी त्यांवर लावतो, मग गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर, त्याच्यासमोर. लोक म्हणतात, माणूस कामाचा पक्का आहे. फाइल आपल्या मशीनवर वाजली की आपल्याला वाटतं, काम झालं. समोरच्याचं तर अजून सुरूही झालेलं नसतं. एवढं कळायला मला वीस वर्षं लागली, आणि त्याची फी सुनंदानं भरली.