घरात माणसं तेवढीच ताटं

कोणी गाव विचारलं तर मी नागपूर सांगते. बंगळुरूत मारतहळ्ळीला आल्यापासून हेच सांगत आले. खरं गाव गडचिरोलीकडे, जंगलाच्या आत आहे.

तिथे जंगलातले बंदूकवाले येऊन भात मागत. त्यांच्या मागून वर्दीवाले येत आणि भात कोणी घातला ते विचारत. चुलीजवळ जास्तीची ताटं दिसली की घरच्या माणसाला घेऊन जात. म्हणून घरात माणसं असतील तेवढीच ताटं ठेवायची रीत पडली. गावाचे लग्नात भात शिजवायचे मोठे गंज लोकांनी पुरून टाकले. पाहुणे बंद झाले. धानाच्या रोवणीला शेजारच्या गावच्या बाया येत, त्या येईनात, आणि बांध्या पडीक राहिल्या. तेंदूपत्त्याचा ठेकेदार फिरकेना. कोणी घरावर नवे पत्रे घातले तर लोक विचारत, हे कोणी दिले? म्हणून ज्याला जमलं असतं त्यानेही घातले नाहीत. मास्तर यायचा बंद झाला आणि माझी शाळा चौथीवर थांबली.

मागच्या वर्षी आमच्या चाळीत शेजारची खोली एका बाईने घेतली. बरोबर तिची म्हातारी सासू. बोलणं आमच्याकडचं. नळावर तिने मला दोनदा गाव विचारलं. मी नागपूरच सांगितलं आणि पाणी भरायची वेळ बदलली. हिला कशाला हवं माझं गाव?

मी ज्या पुण्याच्या ताईंकडे स्वयंपाक करते, त्यांना बाळासाठी बाई हवी होती. शेजारणीने चाळीतल्या दुसऱ्या कोणाकडून हे ऐकलं आणि थेट ताईंना जाऊन भेटली. सासूच्या औषधासाठी तिला ते काम हवंच होतं. ताईंनी मला विचारलं, "मावशी, तुमच्या ओळखीची आहे का? तुम्ही हो म्हणालात तरच ठेवते."

मी नाही म्हणाले.

त्याच संध्याकाळी ती दारात आली. आत ये म्हणायची मला हिंमत झाली नाही. ती भांडली नाही. हळूच म्हणाली, "तुमी नागपूरच्या नाही, बाई. मले पयल्याच दिवशी समजलं. म्या कोणाले सांगतलं नाही."

मी विचारलं, मग पुन्हा पुन्हा गाव का विचारत होतीस? ती म्हणाली, तुम्ही कोणत्या बाजूच्या ते बघत होते. तिच्या नवऱ्याला गावातून नेलं होतं; कोणत्या बाजूने, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिच्या उघड्या दारातून मला भिंतीला टेकवलेली दोन ताटं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मी ताईंना सांगितलं, त्या बाईला मी ओळखते, ठेवा.

ताईंनी बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "काल नाही म्हणालात, आज हो? तिने काही दिलं का तुम्हाला?"

खरं सांगायचं तर गाव सांगावं लागलं असतं. पोळी तव्यावर करपली. शेवटी ताई म्हणाल्या, महिनाभर बघू, पण तुम्ही घरात असाल तेवढाच वेळ तिने यायचं.

आता ती येते. बाळ तिच्याकडे लगेच झोपतं. ताई आम्हा दोघींवर लक्ष ठेवून असतात. आणि मी भाजी चिरताना तिच्याकडे बघत असते, तिच्या नवऱ्याला कोणी नेलं असेल याचा विचार करत.