शारजात सापडल्या नऊ मुली

दादाच्या दुबईतल्या, करामा भागातल्या घरी जायचं मी तीन वर्षं नुसतं म्हणत होते. शेवटी २००९च्या डिसेंबरात मंदीनेच ते जमवून आणलं. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या विद्यापीठाचे फोटो स्कॅन होऊन यायचे आणि आम्ही त्यांखाली कोण, कुठे, काय चाललंय ते लिहायचो. ते काम महिनाअखेरीस बंद होणार होतं. रजा भरपूर, तिकीट स्वस्त! त्यात विद्यापीठातून मेल आला, की तिथल्या एक माजी विद्यार्थिनी, मिसेस लोरेन, शारजात मुलीकडे राहतात. झालं, मी हवेतच.

माझा एक लाडका फोटो होता. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या, म्हणजे मिसेस लोरेन यांच्याच काळातल्या नऊ मुली, मुठी वर, तोंडं उघडी. खाली मीच लिहिलं होतं, 'विद्यार्थिनींची निदर्शनं. नावं अज्ञात.' महिना संपला की ते 'अज्ञात' कायमचं राहणार होतं, आणि ते मला काही केल्या पचेना.

"वर्किंग डेला गेलीस तर ट्रॅफिकमध्ये तीन तास खलास," दादा म्हणाला. "फ्रायडेला सकाळी बस पकड. पाच दिरहम, म्हणजे पासष्ट रुपये. पुण्यात रिक्षावाला एवढ्यात वळून तरी बघतो का?"

भाची सई सोबत आली. पुढच्या जागा बायकांसाठी, त्यामुळे आम्ही ऐटीत बसलो. वाटेत अर्धवट इमारतींवर क्रेन नुसत्या उभ्या होत्या आणि बाल्कन्यांवर 'भाड्याने देणे'चे फलक.

"आत्या, आर वी देअर?" सईने सात वेळा विचारलं.

मिसेस लोरेन दारातच उभ्या होत्या. मी बाकरवडी दिली, त्यांनी रताळ्याचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' समोर ठेवला. मी पर्समधून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खालची ओळ वाचली आणि अशा हसल्या की चष्मा काढावा लागला.

"निदर्शनं? अगं पोरी, ही मेसच्या दारातली रांग! रविवारी तळलेलं चिकन असायचं. दार उघडेना म्हणून ओरडतोय. आणि सगळ्यात मोठं तोंड उघडलंय ना, ती मी."

मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि हसूही आवरेना. सई तर सोफ्यावर लोळत होती.

"निदर्शनंही केली आम्ही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण त्या दिवशी एकही फोटोवाला फिरकला नाही."

मग बोट ठेवत एकेक नाव आलं. आठ पटापट. शेवटच्या मुलीपाशी बोट थांबलं. दहा मिनिटं त्या नुसत्या बघत राहिल्या. तोवर सईने आणि मी रताळ्याचा 'पाय' संपवला. आणि एकदम टाळी वाजली, "अर्नेस्टीन! माझ्या ताटातलं ढापायची!" आम्ही तिघी चक्क नाचलो.

पुण्याला परतल्यावर मी नऊ नावं भरली, 'निदर्शनं' खोडून 'रविवारच्या चिकनची वाट पाहताना' लिहिलं आणि दोन दिवस उगाच गुणगुणत फिरले.

मग सहज माझ्या कॉलेजचा ग्रुप फोटो काढला. मागे पेन्सिलने नावं लिहायला बसले. सोळा जणी, वर्षं जेमतेम बारा झालेली. चौघींची नावं मला आठवली नाहीत. त्यातली एक माझ्या खांद्यावर हात टाकून हसतेय.