नानांनी सोपवलेला पासवर्ड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, कुक्षीला होते. देवासला पोचेपर्यंत चार तास डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलेना, हॉलमधल्या जुन्या कंप्यूटरपुढे बसलेली त्यांची पाठ. सासरे म्हणून त्यांचं कौतुक नातलगांनी या महिन्याभरात पुष्कळ केलं. मला मात्र त्यांची एक चूक सांगायची आहे.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर नानांना स्वस्थ बसवेना. घरातला कंप्यूटर रखडत चालायचा, म्हणून एका जुन्या सहकाऱ्याकडून पेन ड्राइव्ह आणून त्यांनी कंप्यूटरवर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची हलकी, फुकटची प्रणाली चढवली. दोन दिवस नुसती खटपट. जेवायला हाका मारून सासूबाईंचा घसा बसला. मग रविवारी, पोह्यांच्या बश्या आमच्या हातात असतानाच, त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं. "देखो भिया," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले (माळव्यात सगळ्यांना म्हणतात तसं स्वतःच्या मुलालाही ते भियाच म्हणत), "मशीन एक, पण खोल्या चार. ज्याची चाबी त्याच्याकडे." सासूबाईंनी कुलदेवीचं नाव पासवर्ड ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने म्हणूनही दाखवला.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्या खात्यात मी आईला पत्रं लिहायची, न पाठवण्यासाठीच. एकात लिहिलं होतं, इथे सगळे चांगले आहेत, पण या घरात माझं म्हणावं असं काहीच नाही... काही दिवसांनी नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. खाती वेगळी केली, पण एकाचे फोल्डर दुसऱ्याला वाचता येतात, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. भजनांची फाइल शोधता शोधता ते माझ्या पत्रापाशी पोचले होते. "पहिल्याच ओळीला थांबायला हवं होतं," ते म्हणाले. "नाही थांबलो. गलती माझी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही इतका आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी खुर्ची ओढून दिली. फोल्डर बंद करायची कमांड त्यांनी सांगितली, टाइप मी केली. मग सगळ्या खात्यांवर चालणारा ॲडमिनचा पासवर्ड मला दिला. "हा बदल, आणि मला सांगू नकोस. आपल्याकडे घराच्या किल्ल्या सुनेकडेच जातात." पुढे त्यांना काहीही नवं टाकायचं असलं की विचारत, "मॅडम, फुरसत आहे का?" हे घर माझं झालं ते त्या खुर्चीत. त्यांना हे कधी सांगितलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

तेरावं झाल्यावर नवरा म्हणाला, नानांचं खातं उघड, फोटो असतील त्यात. ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे होता, दोन मिनिटांचं काम. मी कंप्यूटर सुरू केला. सासूबाई मागे उभ्या होत्या.

"त्यांच्या चाबीशिवाय उघडतं?"

"उघडतं, आई."

त्यांनी स्क्रीनवरच्या चार नावांपैकी नानांच्या नावावर बोट ठेवलं.

"माझ्या माहेरच्या ट्रंकेला कधी कुलूप नव्हतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्यांच्याच पलंगाखाली होती. ह्यांनी एकदाही उघडली नाही... राहू दे."

मी माझ्या नावावर क्लिक केलं.